मुदतीच्या नावाचा खेळ

आंबराई खंडाने देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आंबराई देवस्थानची असो की एखाद्या घराण्याची असो, खंडकरी पाच-सात वर्षांच्या बोलीने ती घेतो. पहिली काही वर्षे तो आळी करतो, शेणखत घालतो, बांडगुळे काढतो. कारण त्या कष्टांचे फळ त्याच्याच पदरात पडावयाचे असते. परंतु बोलीचे शेवटचे वर्ष उजाडले, की त्याचा हात आखडतो. झाडांस पाणी घालण्यात त्याला स्वारस्य उरत नाही. कैऱ्या मात्र शेवटच्या डहाळीपर्यंत झोडून नेतो. बाजारात त्या पाटीला नाव जुन्या आंबराईचेच असते. गिऱ्हाईक त्या नावावर विसंबून माल घेते, आणि घरी जाऊन तोंड वाकडे करते.

२०१५ साली व्हिडिओ गेमच्या जगात नेमकी हीच गोष्ट घडली. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबरला अमेरिकेत ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’ ह्या नावाचा खेळ विक्रीस आला. सोळा वर्षांपूर्वी ज्या नावाने ह्या प्रकारच्या खेळांना मान मिळवून दिला, तेच हे नाव. मात्र ते वापरण्याचा परवाना ॲक्टिव्हिजन ह्या प्रकाशनसंस्थेपाशी त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत होता, असे वृत्त तेव्हा सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढील परीक्षण वाचावे, अशी वाचकांस विनंती आहे.

ज्या पृष्ठांवर कीर्तन, नाट्यसंगीत आणि कादंबऱ्या ह्यांची चर्चा व्हावयाची, तेथे पोरांच्या ह्या खेळाला जागा कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, आज ज्या वस्तूपुढे आपली मुले तासन्‌तास बसतात, तिच्याकडे मोठ्यांनी केवळ रागाने पाहून भागत नाही. चांगले काय आणि वाईट काय, हे निवडण्याची दृष्टी कीर्तनाच्या बाबतीत जितकी अवश्य, तितकीच ह्याही बाबतीत अवश्य आहे. शिवाय बालाघाटसारख्या गावी ह्या प्रश्नाला एक निराळे वजन येते. वैनगंगेच्या काठी, गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या ह्या जिल्ह्यात हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी एकमेकींच्या अंगणात नांदतात; विटीदांडू, लगोरी आणि क्रिकेट हे खेळ मुलाला गल्लीतच भेटतात. परंतु येथील मुलाला समुद्र जसा आधी चित्रात भेटतो, तसा स्केटबोर्ड आधी पडद्यावर भेटतो. ज्याला मूळ ग्रंथ कधी हाती लागणार नाही, त्याच्यासाठी भाषांतर हाच ग्रंथ असतो. म्हणून अशा ठिकाणी भाषांतरकाराची जबाबदारी दुणावते. स्केटबोर्डवरील व्हिडिओ गेम हे त्या कलेचे भाषांतरच होय. आणि ते खोटे असेल, तर आमच्या मुलांच्या मनात त्या कलेची प्रतिमाच खोटी उमटते.

कला हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. चार चाकांच्या फळीवर उभे राहून घसरत जाणे, एवढेच तिचे स्वरूप नव्हे. १९७८ च्या सुमारास फ्लॉरिडातील ॲलन गेलफँड ह्या मुलाने हातांचा आधार न घेता फळीसह हवेत उठण्याची युक्ती साधली. तिला ‘ऑली’ असे नाव पडले. पुढे १९८२ साली रॉडनी मलन ह्यांनी तीच युक्ती सपाट जमिनीवर करून दाखविली, आणि तेव्हापासून पायऱ्या, कठडे, बाकडी अशा शहरातील सामान्य वस्तू ह्या कलेची वाद्ये बनल्या. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एक्स गेम्समध्ये टोनी हॉक ह्यांनी हवेत अडीच गिरक्या घेऊन फळी पुन्हा उतारावर टेकविली. त्या रात्री ते अनेकदा पडले, अनेकदा उठले, आणि मगच ती साधली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ह्या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. एवढा इतिहास ज्याच्या पाठीशी आहे, त्याला पोरखेळ म्हणणे न्यायाचे होणार नाही.

त्याच १९९९ साली नेव्हरसॉफ्ट ह्या कॅलिफोर्नियातील छोट्या मंडळीने ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ हा पहिला खेळ घडविला. तोही परवान्याचाच खेळ होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण परवाना म्हणजेच पाप, असे आमचे म्हणणे नाही. फरक एवढाच की, त्या वेळी खेळाची कल्पना आधी आकाराला आली होती, आणि नाव तिच्याकडे मागाहून आले. हॉक ह्यांना खेळाचा कच्चा नमुना दाखविण्यात आला, तो त्यांनी स्वतः खेळून पाहिला, आणि मगच होकार दिला. एकरकमी पाच लाख डॉलर घेऊन मोकळे व्हावे, असा प्रस्ताव पुढे आपणांपुढे आला असता तो नाकारून आपण विक्रीतील वाटाच पत्करला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. शेताच्या बांधावर उभा राहणारा वाटेकरी आणि दुरून खंड मोजून घेणारा मालक ह्यांतील भेद आपल्या वाचकांस निराळा समजावून सांगावयास नको.

त्या पहिल्या खेळाचे रूप साधे होते. खेळणाऱ्याला दोन मिनिटे मिळत. तेवढ्या अवधीत त्याने मैदानभर फिरून ‘स्केट’ ह्या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे वेचावयाची, काही लपलेल्या वस्तू शोधावयाच्या, आणि करामतींची माळ गुंफून गुण मिळवावयाचे. ह्या माळेचाच नियम फार मार्मिक होता. एकामागून एक कितीही करामती केल्या, तरी त्यांचे गुण तोवर अधांतरीच राहात. फळी जमिनीवर नीट टेकली, तरच ते पदरात पडत. तोल गेला, की सारे शून्य. ज्याने शास्त्रोक्त गाणे ऐकले आहे, त्याला ह्याचे मर्म तत्काळ उमगेल. गवयाने तान कितीही लांबवावी, लयीशी कितीही लडिवाळपणा करावा. पण समेवर यावयाचे ते नेमकेच आले पाहिजे. सम चुकली, तर आधीची सारी करामत फुकट जाते. २००० साली आलेल्या दुसऱ्या खेळाने दोन चाकांवर तोल सावरीत पुढे जाण्याची सोय देऊन ही तान लांबविली; २००१ च्या तिसऱ्याने उतारावरून सपाटीवर येतानाही तिचा धागा तुटू न देण्याची युक्ती दिली. म्हणजे प्रत्येक वेळी नवा अलंकार आला, परंतु समेचा नियम कायम राहिला. परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक ह्या संस्थेने दुसऱ्या खेळास शंभरांपैकी ९८ गुण नोंदविले आहेत. इतका मान त्या प्रांतात फार थोड्या कृतींच्या वाट्याला आला आहे.

पुढे मात्र ह्या घराण्याला उतरती कळा लागली. वर्षाकाठी एक, असा रतीब सुरू झाला. २००७ नंतर नेव्हरसॉफ्टकडून हे काम गेले आणि शिकागोच्या रोबोमोडो ह्या नव्या मंडळीकडे आले. त्याच २००७ साली ‘स्केट’ ह्या प्रतिस्पर्धी खेळाने कंट्रोलरच्या छोट्या दांडीलाच पायाचे काम देऊन रसिकांचे मन जिंकले होते. त्याला उत्तर म्हणून २००९ साली ‘टोनी हॉक : राइड’ निघाला. त्याच्यासोबत चाके नसलेली, संवेदकांनी भरलेली एक फळीच घरी मिळे, आणि तिच्यावर उभे राहून खेळावे, अशी योजना होती. कल्पना वाईट नव्हती. पण अमेरिकेत सुमारे १२० डॉलर मोजून आणलेली ती फळी खेळणाऱ्याच्या पायाची आज्ञा कधी उशिरा ऐके, तर कधी मुळीच ऐकत नसे. तरीही २०१० साली त्याच फळीचा दुसरा खेळ काढण्यात आला. आणि मग, परवान्याच्या शेवटच्या वर्षी, पाचव्या क्रमांकाचे भरजरी नाव लेवून २०१५ चा हा खेळ पुढे आला.

आता त्याच्या दोषांचा क्रमाने विचार करू.

पहिला दोष हाताखालीच जाणवतो. कठड्यावर फळी टेकवून घसरत जाणे, ज्याला ग्राइंड म्हणतात, ही ह्या खेळमालिकेतील सर्वांत सुखाची क्रिया. तिच्यासाठी एक बटण पहिल्यापासून ठरलेले आहे, आणि जुन्या खेळाडूंच्या अंगठ्याला ते झोपेतही सापडते. ह्या नव्या खेळाने त्याच बटणाला दुसरेही काम सांगितले : हवेत असताना ते दाबले, की स्केटर धाडकन खाली आपटतो. ह्या हालचालीचे नाव ‘स्लॅम’. परिणाम असा की, कठड्याच्या ओढीने अंगठा क्षणभर आधी पडला, तर स्केटर कठड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच जमिनीवर येतो, आणि बांधीत आणलेली सारी माळ तुटते. पेटीच्या एकाच पट्टीतून कधी पंचम निघावा आणि कधी भलताच स्वर, अशी ही अवस्था आहे. अशा पेटीवर रियाज तरी कसला करावयाचा? चूक वादकाची असेल, तर ती सुधारता येते. वाद्याची असेल, तर वादकाचा उत्साहच मावळतो.

दुसरा दोष स्थळांचा. पूर्वीच्या खेळांतील शाळा, वखार, रस्ते ह्यांना एक व्यक्तिमत्त्व होते. कोठे घंटा, कोठे छप्पर फोडून जाणारी गुप्त वाट. खेळणारा त्या जागेत राहावयास गेल्यासारखा रमे, आणि महिनाभराने त्याला तेथील प्रत्येक पायरी ओळखीची होई. येथे त्याच जागांच्या फिकट नकला आहेत. मैदाने रुंद आहेत, पण ओसाड आहेत. वस्तू मांडल्या आहेत, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत. जत्रा उठून गेल्यावर उरलेल्या माळासारखे त्यांचे रूप आहे. भरीस भर म्हणून विक्रीपूर्वी अवघे दोन महिने राहिले असता खेळाचे रंगरूपच बदलण्यात आले. आधीच्या चित्रांवर टीका झाली, तेव्हा माणसांच्या आकृतींना व्यंगचित्रासारखी जाड बाह्यरेषा देऊन काम भागविले. मूर्तीचे नाक बसले असता ते पुन्हा घडवावयाचे सोडून वर रंगाचा हात फिरवावा, त्यातलाच हा प्रकार. रेषा ठळक झाल्या. आतील ओबडधोबडपणा काही लपला नाही.

तिसरा दोष रचनेचा. दोन मिनिटांच्या त्या जुन्या चौकटीत सगळी कामे एकाच श्वासात करावयाची असत. एक करता करता दुसरे दिसे, आणि नियोजनाचा आनंद मिळे. येथे प्रत्येक कामगिरी निरनिराळी कापून ठेवली आहे. यादीतून ती निवडावयाची, मग मैदान पुन्हा पडद्यावर चढेपर्यंत वाट पाहावयाची, मग मिनिटभराचे काम, आणि पुन्हा यादी. ती कामेही थोड्याच साच्यांतून काढलेली : अमुक गुण मिळवा, अमुक वस्तू गोळा करा, अमुक अक्षरे एका दमात उचला. मैदान बदलते, साचा बदलत नाही. कीर्तनकाराने प्रत्येक ओवीनंतर उठून जावे, पाणी पिऊन यावे आणि मग पुढची ओवी म्हणावी, तर श्रोत्यांचा रस कोठून टिकणार?

चौथा दोष पडण्याचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्केटबोर्डच्या कलेत पडणे ही नामुष्की नव्हे, तो शिक्षणाचा पाठ आहे. चांगला खेळ पडण्याला किंमत देतो. गुण जातात, वेळ जातो, आणि म्हणून पुढचा प्रयत्न सावध होतो. ह्या खेळात पडण्याला वजनच नाही. शरीर चिंधीच्या बाहुलीसारखे वेडेवाकडे उडते, कधी भिंतीत अडकते, कधी जमिनीतून आरपार जाते, आणि क्षणार्धात काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा उभे राहते. विक्रीच्या पहिल्या दिवसांत खेळणाऱ्यांनी ह्या विचित्र प्रकारांची चलच्चित्रे एकमेकांस दाखवून हसण्यातच अधिक वेळ घालविला. ज्या शोकांतिकेत प्रेक्षक भलत्या जागी हसतात, तिच्या लेखकाने काय समजावे, हे सांगणे नको.

ह्या सर्वांवर कळस करणारी गोष्ट कलेची नसून व्यवहारनीतीची आहे. दुकानात विकल्या गेलेल्या तबकडीवर सुमारे ४.६ गिगाबाइटचा मजकूर होता. आणि पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा दुरुस्तीचा भाग सुमारे ७.७ गिगाबाइटचा होता. म्हणजे दुरुस्ती मूळ वस्तूहून मोठी! ती उतरवून घेतली नाही, तर तबकडीवर केवळ प्रारंभीचे धडे आणि स्वतः पार्क रचण्याची सोय, एवढेच हाती लागे. खरा खेळ त्या पुठ्ठ्याच्या पेटीत नव्हताच. ग्रंथ विकत घ्यावा, आणि उघडून पाहावे तो आत मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि ‘उरलेली प्रकरणे छापखान्यातून घेऊन जावी’ अशी चिठ्ठी!

न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला ही गैरसोय वाटली असेल. बालाघाटसारख्या गावच्या गिऱ्हाइकाला ती फसवणूकच वाटली असती. तो सप्टेंबर २०१६ पूर्वीचा, म्हणजे जिओ येण्याआधीचा काळ. मोबाइलवरील एक गिगाबाइट इंटरनेटला तेव्हा सुमारे २५० रुपये पडत. त्या हिशेबाने हा विकत घेतलेला खेळ खेळण्याजोगा करण्यासाठीच जवळजवळ दोन हजार रुपये आणि रेंगाळत्या इंटरनेटच्या कित्येक रात्री खर्ची पडल्या असत्या. बापाने पगारातून बचत करून मुलासाठी वस्तू आणावी आणि ती उघडल्यावर अपुरी निघावी, ह्यात केवळ पैशाची हानी नाही. दिलेल्या शब्दाची हानी आहे. ज्यांनी ती तबकडी बाजारात पाठविली, त्यांच्या डोळ्यांपुढे असा गिऱ्हाईक नव्हताच. त्यांच्यापुढे होती ती दिनदर्शिका.

गुण मुळीच नाहीत काय? न्यायबुद्धीने सांगावयाचे, तर आहेत. पार्क रचून तो इतरांस खेळावयास देण्याची सोय चांगली होती. लेटिशिया बुफोनी आणि लिझी आर्मांटो ह्या दोघी नामांकित स्त्री-स्केटरांना खेळात मानाचे स्थान दिले, हे स्तुत्य होय. काही क्षणी, जेव्हा यंत्रणा आड येत नाही, तेव्हा जुन्या लयीची एखादी झुळूक येऊन जाते. पण तेच अधिक दुःखाचे. कारण मूळ चीज ठाऊक असलेल्या माणसांनीच ती बिघडवली, असे त्यावरून दिसते. मेटाक्रिटिकच्या नोंदीत प्लेस्टेशन ४ वरील ह्या खेळाला शंभरांपैकी ३२ गुण मिळाले. ९८ वरून ३२; नाव मात्र तेच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आजीबाईंनी जणू ह्याच खेळासाठी घडविली असावी.

विक्रीनंतर प्रकाशकांनी दुरुस्त्यांचे आश्वासन दिले, आणि काही दुरुस्त्या झाल्याही. जुन्या यंत्रांवरील आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे परवान्याच्या अखेरच्या महिन्यात, बाजारात आली. पुढच्याच वर्षी रोबोमोडोने आपले दुकान बंद केले. ह्या कारागिरांवर सारे खापर फोडणे आम्हांस मान्य नाही. पुरेसा अवधी न देता ज्याने देऊळ बांधावयास सांगितले, त्याचा दोष गवंड्याच्या दोषाहून मोठा असतो. नाव हातचे जाण्यापूर्वी त्याची शेवटची कैरी झोडून घ्यावी, एवढाच हेतू ह्या उद्योगामागे होता, हा निष्कर्ष आम्हांला टाळता येत नाही.

आमच्या ह्या मताला पुढील इतिहासाने पुष्टी दिली. २०२० साली त्याच ॲक्टिव्हिजनने, त्याच हॉक ह्यांच्या नावाने, पहिल्या दोन खेळांचा जीर्णोद्धार प्रसिद्ध केला. काम व्हिकेरियस व्हिजन्स ह्या मंडळीकडे होते. त्यांनी जुनी मैदाने दगडन्‌दगड ओळखून पुन्हा उभारली, हातांची जुनी सवय मोडू दिली नाही, आणि नवे जे घातले, ते जुन्याच्या मर्यादेत घातले. रसिकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. प्रकाशक तोच, नाव तेच, परवान्याची पद्धतही तीच. बदलली ती फक्त निष्ठा आणि दिलेला अवधी. जीर्णोद्धार कसा करावा आणि कसा करू नये, ह्याचा धडा घ्यावयाचा असेल, तर हे दोन खेळ शेजारी ठेवून पाहावे.

हा रोग परदेशातच आहे, असे समजून निश्चिंत राहण्याचे कारण नाही. आपल्याकडेही मोठ्या नावाच्या आधाराने खेळ काढण्याची प्रथा पडली आहे. २०११ साली ‘रा.वन’ चित्रपटाच्या जोडीने मुंबईच्या ट्राइन गेम्सने प्लेस्टेशनसाठी त्याच नावाचा खेळ घडविला. चित्रपटाची तिथी एकदा पक्की झाली, की खेळ शिजलेला असो वा कच्चा, पंगतीला तो वाढावाच लागतो. अशा सर्वच खेळांच्या वाट्याला येणारी ही अडचण आहे. त्याआधी २००९ साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज ह्या संस्थेने सोनीसाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ केला, आणि पूर्णतः भारतात घडलेला पहिला कन्सोल-खेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मारुतीरायाला बटणांच्या तालावर नाचविणे ही विटंबना होय, असा आक्षेप अमेरिकेतील काही हिंदू पुढाऱ्यांनी तेव्हा घेतला होता. त्या आक्षेपामागील भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु आमची तक्रार निराळी आहे. कोकण-गोव्याच्या दशावतारात दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री विष्णू होऊन उभा राहतो, आणि प्रेक्षक त्याला हात जोडतात. देव खेळात आल्याने उणा होत नाही; खेळ बेगडी असला, तर भक्ताचा विरस होतो. ‘हनुमान’च्या कारागिरीला परीक्षकांनी ठेवलेली नावे आम्हांस अधिक लागतात. हॉक ह्यांच्या नावाला निदान मुदत होती. मारुतीचे नाव घेण्यास परवाना लागत नाही आणि त्याला मुदतही नसते. मग घाई कोणासाठी करावयाची?

आता एका गोष्टीचा उल्लेख करून हे परीक्षण आटोपते घेऊ. ज्या २०१५ साली हा खेळ बाजारात आला, त्याच साली आपल्याच मध्यप्रदेशात, उत्तरेकडील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार ह्या खेड्यात काँक्रीटचे एक स्केटपार्क उभे राहिले. उलरिके राइनहार्ड ह्या जर्मन बाईंचा त्यामागे पुढाकार होता. गावात आदिवासी आणि यादव अशा दोन वस्त्या. पार्कचे नियम दोनच : शाळेत गेल्याशिवाय स्केटिंग नाही, आणि मुलींना आधी संधी. ज्या मुलांनी ही फळी कधी पाहिली नव्हती, ती तिच्यावर उभी राहिली, पडली, गुडघे फोडून घेतले आणि पुन्हा उभी राहिली. त्यांच्यातलीच आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताच्या वतीने उतरली. गोंड हे नाव बालाघाटला परके नाही. बैहरच्या वाटेवर ते पावलोपावली ऐकू येते.

जनवारच्या त्या काँक्रीटमागे कोणतेही गाजलेले नाव नव्हते, आणि कोणताही परवाना नव्हता. तरी तेथे ह्या कलेचे मर्म, म्हणजे पडून उठणे, मुलांच्या हाती अस्सल रूपात पोहोचले. शिकागोच्या त्या खेळापाशी जगातील सर्वांत मोठे नाव होते. पण तेच मर्म त्याच्या हातून निसटले. पडद्यावरचा खेळ गुडघे फोडू शकत नाही, हे आम्ही जाणतो; आणि तशी अपेक्षाही करीत नाही. परंतु १९९९ च्या खेळाने समेचा नियम पाळून पडण्याची किंमत खेळणाऱ्याच्या मनात उतरविली होती. म्हणजे पडद्यावरही प्रामाणिक भाषांतर शक्य आहे, आणि म्हणूनच अप्रामाणिक भाषांतराला क्षमा नाही.

आपल्या घरातील एखाद्या मुलाने ह्या मालिकेतील खेळ मागितला, तर वाचकांनी नुसते नाव पाहून तो घेऊ नये आणि नुसते नाव पाहून तो नाकारूही नये. २०२० चा जीर्णोद्धार खुशाल द्यावा. २०१५ चा पाचवा खेळ स्वस्तात मिळाला, तरी दुकानातच ठेवावा. आणि मुलाला फळीचीच ओढ लागलेली दिसली, तर जनवारच्या मुलांची गोष्ट त्याला सांगावी. आपल्या देशात खेळ घडविणाऱ्या तरुण मंडळींनाही आमची एवढीच सूचना आहे की, मोठे नाव हाती येण्यापूर्वी खेळ हाती यावा, आणि तबकडीवर जे छापले असेल, ते तबकडीच्या आत असावे. ह्याहून अधिक मागणे रसिकांचे नाही; आणि ह्याहून कमी त्यांनी स्वीकारू नये.